मांत्रिक आला की टीव्ही बंद

९ मे २०१०, रविवार. पावसाळ्याआधी अंथरूण-पांघरूण उन्हात घालायचं काम आज काढलं. गाद्या गच्चीवर गेल्या, गोधड्या भिजल्या, उशांचे अभ्रे निघाले. कपाटाच्या तळाशी राहिलं ते काळं घोंगडं. घोंगडं मी धूत नाही, झटकून कडक ऊन देते. झटकलं तसा शेळ्यांचा वास गच्चीभर पसरला. शेजारच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सिस्टर, हे कुठून आणलंत?"

"सासूबाईंचं आहे," मी म्हटलं.

खरं तर ते सासूबाईंचं नव्हतं. ते आमच्या पौडच्या घरमालकिणीचं. आणि तसं बघितलं तर शेवटची काही वर्षं सासूबाईसुद्धा निम्म्याहून जास्त तिच्याच होत्या.

नव्व्याण्णव साली माझी पौडला सरकारी दवाखान्यात बदली झाली. मी नर्स. नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. आम्ही बार्शीकडचे, इथे ओळखीचं कुणी नाही. गावाबाहेर, माले गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या. मालकीण धनगराची. तिचा नवरा आणि दीर मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर. ही घरी. चार शेळ्या, एक मोडक्या शिंगाचा बोकड, भाड्याच्या दोन खोल्या आणि एक रंगीत टीव्ही. टीव्हीला सीडी प्लेअर जोडलेला. ठेंगणी, कपाळावर हिरवं गोंदण, पुढचा एक दात नाही. तिला देवादिकांचे, मारामारीचे, रडारडीचे कुठलेच पिक्चर चालत नसत. फक्त भुताचे.

"ताम्हिणीत जन्म गेला माझा," ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती. "येवढा पाऊस, येवढं धुकं. हात लांब केला तर बोटं दिसायची न्हाईत. पर भूत? एक न्हाई दिसलं. मंग काय करायचं? भाड्यानं आणायचं."

स्टँडजवळच्या दुकानातून ती सीडी आणायची. एक पिक्चर दोन-तीन सीडींत असायचा. त्या ती ब्लाऊजमध्ये खोवून आणी. रस्त्यात कुणी विचारलं, "काय आणलंस?" तर सांगायची, "पाव्हनी."

मला हे सगळं ऐकून माहीत होतं. बघितलं ते उन्हाळ्यातल्या एका दुपारी. ड्युटी संपवून घरी येत होते. फाटकाशी पोचते तोच आतून किंकाळी आली. आवाज सासूबाईंचा. मी सायकल तशीच टाकली. म्हातारी पडली, खुब्याचं हाड गेलं, असं मनात पक्कं करून चपला न काढता मालकिणीच्या घरात शिरले. दार-खिडकीला पोती लावून खोलीत अंधार केलेला. जमिनीवर काळा ढीग, आणि त्या ढिगातून दोन डोकी बाहेर. घोंगड्याखाली दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. टीव्हीवर एक पोरगी मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती.

"आई, काय झालं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मांजर आलं गं बया!" त्या मालकिणीला म्हणाल्या आणि हसत सुटल्या. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मालकीण म्हणाली, "शिस्टर, दार लावा. उजेड येतुया."

मी दार लावलं. बाहेरून.

तिचे भुतांबद्दलचे नियम होते. भूत हळू आलं पाहिजे. पळत येतं ते भूत नव्हे, चोर. आधी मांजर आलं पाहिजे, म्हणजे आपण एकदा उगाच घाबरतो, मग हसतो, आणि हसत असताना खरं येतं. ज्या पिक्चरमध्ये मांजर नाही तो "बिनमिठाचा". गाडी घाटात बंद पडली पाहिजे. कंदील घेतलेला एक म्हातारा पाहिजे, त्यानं "पुढे जाऊ नका" म्हटलं पाहिजे आणि त्याचं कुणी ऐकलं नाही पाहिजे. "ऐकलं तर मंग काय बघायचं? समदे घरी जाऊन जेवत्याल." खांद्यावर हात पडतो तो पहिल्या वेळी हिरोचाच असतो, दुसऱ्या वेळी नसतो. ती दुसरी वेळ आली की मालकीण स्वतःचा हात हळूच सासूबाईंच्या खांद्यावर ठेवायची. दर वेळी. सासूबाईंना माहीत असायचं, तरी त्या दर वेळी ओरडायच्या. आधी ओरडायच्या, मग तो हात धरून ठेवायच्या.

"कडी हलती ना दाराची," मालकीण सांगायची, "तितवरच खरं भ्या. दार उघडलं की निम्मं गेलं."

यावर सासूबाई मान डोलवायच्या. गाण्याच्या बैठकीला बसल्यासारख्या.

आणि सगळ्यात मोठा नियम शेवटचा. पिक्चरच्या अखेरीला मांत्रिक येतो. दाढीवाला, त्रिशूळवाला, भस्म फुंकणारा. तो आला की टीव्ही बंद. परदेशी पिक्चर हिंदीत करून यायचे, त्यांत पाद्री यायचा. पाद्री आला तरी बंद. त्या घरात एकही भूत कधी जळलं नाही. कधी बाटलीत गेलं नाही. सीडी तशीच दुकानात परत.

मी एकदा विचारलं, "शेवट न बघता कसं करमतं तुम्हाला?"

"शेवट म्हायतीच हाय की. जाळत्यात तिला. तिचं काय चुकलं हुतं? हिरीत ढकलली तिला, मारली तिला, आन वर तिलाच जाळायची. आपुन न्हाई बघायचं."

"पण मग ती जाते कुठं?"

"जाती कुटं? हितंच हायेत समद्या." तिनं घरभर हात फिरवला. "माझ्या घरात बायका लई."

पिक्चर बंद केला की ती चतकोर भाकरी आणि त्यावर चटणी बाहेरच्या ओट्यावर ठेवायची. आलेलीला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून. ती भाकरी मोडक्या शिंगाचा बोकड खायचा, हे आम्हा सगळ्यांना दिसायचं. तो तिथे आधीच येऊन उभा असायचा.

आता माझं सांगते. मी सासूबाईंचं सगळं करत होते. डोळ्यांत थेंब, गुडघ्याला तेल, पथ्याचा स्वयंपाक, वेळेवर गोळ्या. नवरा एकुलता एक, त्याला आईच्या गोळ्यांचा रंगसुद्धा माहीत नव्हता. मी वेणी घालायला बसले की त्या मान ताठ करून बसायच्या, इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटसारख्या. "झालं का?" एवढंच विचारायच्या. दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या अनोळखी बायका माझा हात असा आवळायच्या की वळ उठायचे. घरात अकरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या हाताला आपणहून हात लावला नव्हता. वाईट वागल्या असं नाही. त्या माझ्याशी नीट वागायच्या, बँकेतल्या माणसाशी वागावं तसं.

आणि शेळ्यांच्या लेंड्या भरलेल्या हातांच्या त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून त्या दुपारभर बसायच्या. मी दिवाळीला केलेल्या शंकरपाळ्या पदरात बांधून तिच्याकडे न्यायच्या. मला म्हणायच्या, "गोड झाल्यात." तिला काय सांगायच्या? मी भिंतीपलीकडून ऐकलंय: "खा गं, माझ्या सुनेच्या हाताला लई चव." म्हणजे कौतुकसुद्धा तिच्याकडे जमा.

मला हेवा वाटायचा. दुसरा शब्द शोधत बसत नाही.

मी एक-दोनदा त्यांच्यात बसून बघितलं. पिक्चरमध्ये एकाचा गळा कापला, भिंतीवर लालभडक फवारा. मी म्हटलं, "रक्त इतका वेळ लाल राहत नाही. एव्हाना काळपट व्हायला हवं." घोंगड्याखालचे चारही डोळे माझ्याकडे वळले.

"शिस्टर," मालकीण म्हणाली, "तुमाला दवाखान्यात कुणी बोलावतंय काय बघा."

सासूबाई खुदकन हसल्या. मी उठले, भांडी घासायला घेतली.

दोन हजार सहा साली माझी बदली पुण्याच्या बाजूला झाली. आम्ही भूगावला फ्लॅट घेतला होता, तो ताब्यात मिळाला. सामान बांधायला काढलं तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जावा. मी हितंच राहते."

नवऱ्याला वाटलं गंमत करतायत. मला माहीत होतं, त्या गंमत फक्त भिंतीपलीकडे करतात.

"आई, इथे कुणाकडे राहणार?"

"कुणाकडं म्हणजे? ही हाय की."

"लोक काय म्हणतील? मुलगा-सून असताना म्हातारी भाडोत्री खोलीत?"

"लोकांना मी काय बोलवलंय व्हय?"

नवरा दोन दिवस समजावत होता. लिफ्ट आहे म्हणाला, बाग आहे म्हणाला, चोवीस तास लाईट असते म्हणाला. त्या म्हणाल्या, "चोवीस तास लाईट कशाला लागते माणसाला?" तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच काहीतरी कर." आमच्या घरात हे वाक्य नेहमी माझ्यापाशीच येऊन थांबतं.

मी मालकिणीकडे गेले. ती शेळीला पाला टाकत होती.

"तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "मला काय ती जड झाली न्हाई."

"त्यांना बीपी आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही काय करणार? गोळ्या कुणी द्यायच्या?"

ती पाला संपेपर्यंत टाकत राहिली. मग हात झटकून म्हणाली, "उद्या दुपारच्याला या. तुमी बी बसा."

मी गेले. मला लोखंडी खुर्ची दिली, भिंतीला लागून. घोंगड्यात त्या दोघीच. पिक्चर होता विहिरीत ढकललेल्या नव्या नवरीचा. घाट आला, गाडी बंद पडली, कंदीलवाला म्हातारा आला, त्याचं कुणी ऐकलं नाही. मांजर आलं. दुसऱ्या वेळचा हात खांद्यावर आला, सासूबाई ओरडल्या. मी रक्ताबद्दल एक अक्षर काढलं नाही. शेवटची सीडी लागली. ओली नवरी, केस सोडलेले, जिन्यावरून हळू, अगदी नियमाप्रमाणे हळू उतरत होती. आणि दारात मांत्रिक आला.

सासूबाईंनी सवयीनं रिमोटसाठी हात पुढे केला. मालकिणीनं रिमोट उचलला आणि स्वतःच्या मांडीखाली घातला.

"बंद कर की गं."

"न्हाई. आज बघायचं."

"अगं आला तो! बंद कर!"

"बघ, आक्का."

मांत्रिकानं रिंगण आखलं. नवरी किंचाळली. पेटली. तिची बांगडी वितळताना दाखवली होती, ती मला अजून आठवते. सासूबाईंनी घोंगडं डोळ्यांवर ओढलं, मालकिणीनं ते खाली ओढलं. मग सकाळ झाली, पाखरं उडाली, हिरो-हिरॉईन गाडीत बसून गेले आणि पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकू लागली. अक्षरं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"मेली?" सासूबाईंनी विचारलं.

"मेली," मालकीण म्हणाली. "संपलं, आक्का. आता माझ्याकडं लावाया काय राहिलं न्हाई. जा तू लेकाकडं."

सासूबाई मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. घरी येऊन त्यांनी ट्रंक ओढली आणि लुगडी भरायला लागल्या.

त्या दिवशी ओट्यावर भाकरी नव्हती. बोकड येऊन वास घेऊन गेला. मी विचारलं तर मालकीण म्हणाली, "आज कुणी ऱ्हायलंच न्हाई, ठेवू कुणाला?"

टेम्पो निघताना तिनं घोंगडं सासूबाईंच्या मांडीवर टाकलं. "तितं लाईट जात न्हाई म्हनं. अंधार तुझा तू कर."

मला हवं होतं ते झालं. म्हातारी आमच्याबरोबर आली. पण वाटेत मी टेम्पोत बसून दात-ओठ खात होते. मी अठरा वर्षं गोळ्या दिल्या, तेल चोळलं, आणि तरी त्यांना हलवायला मला त्या बाईकडे जावं लागलं. तिच्याकडे बंद ठेवलेलं काहीतरी होतं, ते तिनं एकदाच उघडलं आणि काम झालं. माझ्याकडे असं काही नव्हतंच. मी सगळं रोजच्या रोज पूर्ण करत आले.

भूगावला मी प्लेअर आणला. भुताचे पिक्चर आणले, मांजर असलेले, दुकानदाराला विचारून. रविवारी पडदे ओढले, घोंगडं घेतलं, सासूबाईंच्या शेजारी बसले. दुसऱ्या वेळी खांद्यावर हातसुद्धा ठेवला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्याजवळ बसलं की भ्याच वाटत न्हाई गं. तू भीत न्हाईस कशाला. भूत तरी कसं येणार?"

आता याचा राग धरायचा की समाधान मानायचं? मी दोन्ही करून बघितलं. मांत्रिक आला तेव्हा त्यांनीच रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि खिडकीत चतकोर पोळी ठेवली. फ्लॅटमध्ये बोकड नव्हता. पोळी मी उचलायचे.

गेल्या थंडीत त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मी रजा टाकून बसले होते. मालकीण एसटीनं आली, पिशवीत आवळे घेऊन. मी डबा आणायला खाली गेले. परत आले तर दारातच थांबले. ती पलंगावर मांडी घालून बसली होती आणि हातवारे करून सांगत होती. टीव्ही नाही, सीडी नाही, नुसतं तोंडानं. घाट, धुकं, बंद पडलेली गाडी. "आन कडी हलली आक्का, अशी... अशी..." सासूबाईंनी सलाईनच्या हातानं चादर नाकापर्यंत ओढली होती. डोळे चमकत होते. त्या आठवड्यात मी त्यांना सूपचे दोन घोट घ्यायला विनवत होते. आणि इथे बाई फुकट जिवंत झाली होती.

मी डबा टेबलावर आपटला. मालकीण लगेच उठली. गोष्ट मांत्रिकापर्यंत पोचलीच नव्हती.

"उरल्याली?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई सांगत," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर चार दिवसांनी सासूबाई गेल्या. मी शेजारी होते. त्या घाबरल्या नाहीत. मी शेजारी होते म्हणूनच घाबरल्या नाहीत, असं मी धरून चालते. विचारायला आता कुणी नाही.

मालकीण मातीला आली नाही. निरोप वेळेवर पोचला होता, एसटी होती. आली ती तेरावा झाल्यावर. मला राग आलेलाच होता. मी सरळ विचारलं, "इतकी जीवाभावाची होती म्हणता, मग शेवटचं बघायला नाही आलात?"

"न्हाई आले," ती म्हणाली. "शेवट मी बघत न्हाई, तुमाला म्हायती हाय."

चहा प्यायली, कप विसळून ठेवला, आणि गेली. घोंगड्याचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

आज संध्याकाळी गच्चीवरून सगळं खाली आणलं. घोंगडं घडी करायच्या आधी कसर लागलीय का बघायला हवं होतं, म्हणून ते डोक्यावरून घेऊन आतून उजेडाला धरलं. एकही भोक नव्हतं. आत काळाकुट्ट अंधार, गरम, आणि शेळ्यांचा वास. खोबरेल तेलाचाही, जे मी रोज त्यांच्या केसांना लावायचे. नवरा म्हणाला, "काय करतेयस?" मी म्हटलं, "कसर बघतेय." तो टीव्ही लावायला गेला. मी थोडा वेळ तशीच कसर बघत बसले.

वापर नसलेली वस्तू घरात ठेवू नये, माझं मत आहे. घोंगडं परत करायचं ठरवलं.

१० मे, सोमवार. आज माझी सुट्टी होती. सकाळीच पौडची एसटी धरली. मालकिणीच्या ओट्यावर मोडक्या शिंगाचा बोकड नव्हता, पण तसलाच एक तरुण बोकड उभा होता, भाकरीच्या जागेवर नजर लावून. दाराला पोतं. दुपारी लाईट जाणार असणार, म्हणून पिक्चर सकाळीच लावला होता.

मी पोतं सारलं. एका जुन्या चादरीखाली दोन डोकी. मालकिणीच्या शेजारी, अगदी सासूबाईंच्या जागेवर, एक पोरगी. आमच्या खोल्यांत आलेली नवी भाडेकरू. हिंजवडीच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेली, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. दोन्ही हातांनी मालकिणीचा दंड धरलेला.

"आंटी, कोण आलं? पॉज करू का?" ती म्हणाली.

"पाज-बीज काय न्हाई," मालकीण पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, काखेतल्या घोंगड्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती मला अहो-जाहो करत होती. "आलीस? बस लवकर. कडी हलतीया."

लोखंडी खुर्ची भिंतीशी होती, रिकामी. पोरगी मजेत मालकिणीला बिलगून बसली होती. जन्मापासूनची जागा असल्यासारखी. 

मी चपला दारात काढल्या, घोंगडं उलगडलं आणि त्या पोरीला म्हटलं, "सरक."